मामांची सिटी

आपलं गाव हे मुळात शहरच आहे, फक्त ही गोष्ट सरकारच्या ध्यानात यायची राहून गेली आहे, असं छातीठोकपणे मानणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच असेल, आणि ते माझे सख्खे मामा आहेत. दुसऱ्या कोणाचे असते तर मी पोट धरून हसलो असतो. पण चारचौघांत त्यांच्या शेजारी उभं राहायची पाळी लहानपणापासून माझ्यावरच येत गेली, आणि माझं निम्मं आयुष्य मान खाली घालून स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघण्यात गेलं. गाव पाचोऱ्याच्या अलीकडे, रिक्षाने जाण्यासारखं. वस्ती चांगली मोठी, पण आहे ते गावच. सकाळी दूध डेअरीपुढे कॅनांची रांग, दुपारी मारुतीच्या पारावर पत्ते, आणि चहूबाजूंनी कपाशी. मामांच्या तोंडी मात्र यातलं काहीच या नावाने येत नाही. रिक्षा थांबतात ते सर्कल, जुनं गावठाण ती ओल्ड सिटी, नाल्यापलीकडे चार घरं झाली आहेत ती न्यू सिटी, आणि वावराकडे जाणारी गाडवाट म्हणजे बायपास. मामा स्वतः अर्थातच न्यू सिटीत राहतात. एकदा त्यांनी डोळ्यांचा चष्मा मागवला आणि पत्त्यात 'न्यू सिटी, बायपासजवळ' एवढंच लिहिलं. कुरिअरवाला बिचारा ऊन डोक्यावर घेऊन पाचोरा पालथं घालून परत गेला. पुढे कितीतरी दिवस मामा वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत होते, पण पत्ता काही त्यांनी बदलला नाही.

शहरात लोक शुद्ध बोलतात, असं त्यांचं मत. म्हणून घरात अहिराणीला बंदी. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात आणि अहिराणीत बोलतात, मामा मात्र उत्तर देतात ते थेट रेडिओवरच्या बातम्यांच्या भाषेत. अहो, म्हशीलासुद्धा ते 'बाजूला हो, बाजूला हो' असं शुद्ध मराठीत सांगतात. म्हैस ढिम्म हलत नाही. मग मामी येते, घशातून एकच आवाज काढते आणि म्हैस मुकाट्याने सरकते. मामीवर या बंदीचा काहीएक परिणाम झालेला नाही. ती आयुष्यभर अहिराणीच बोलत आली आणि मामांना ती कळते, एवढं तिला पुरतं.

पाचोरा नगरपालिकेच्या हद्दीवर तर त्यांचा भारी जीव. हद्दीची पाटी कुठे आहे, तिच्या अलीकडे कोणत्या वावरात प्लॉट पडले, कोणाच्या बांधावर पत्र्याचं शेड उभं राहिलं, हे त्यांना तोंडपाठ. "शहर आपल्याकडे यायला निघालंय, भाऊ," ते मला सांगतात, तालुक्याला दिलेली लेक माहेरपणाला निघाल्यासारखं. एकदा माणसं खच्चून भरलेली रिक्षा त्यांनी भर रस्त्यात थांबवायला लावली. कारण काय, तर पाटी पुढे सरकल्यासारखी वाटली! खाली उतरून ते पाटीला हात लावून बघताहेत, आत बाया शिव्या देताहेत, एकीच्या मांडीवर पोर रडतंय, आणि मी दुसरीकडेच असा बघतोय जसं काही या गृहस्थांना जन्मात पाहिलेलं नाही. तेवढ्यात ते तिथूनच ओरडले, "भाऊ, ये ना इकडे! तुझ्या आजोळाचं भविष्य बघ!" साऱ्या रिक्षाने माझ्याकडे वळून पाहिलं. देवा रे! पाटी जिथे होती तिथेच होती, सरकला होता तो बाजूचा बाभळीचा फाटा.

आणि त्यांचा तो मॉर्निंग वॉक! पांढरे शुभ्र बूट, गळ्यात टॉवेल, दंड हलवत मामा बायपासवरून निघतात. नेमक्या त्याच वेळी गावातल्या बाया भाकरीची फडकी आणि पाण्याचे कॅन घेऊन वावराकडे निघालेल्या असतात. मामा बाजूला न होता मधोमध थांबून "गुड मॉर्निंग, लेडीज!" म्हणतात. त्या लेडीजमध्ये मामीही असते. ती म्हणते, "सरका आते, उशीर व्हई राहिना," आणि पुढे जाते. मामांच्या नावावर कपाशीचं वावर आहे. ते आहे ही गोष्ट मामा कोणाला सांगत नाहीत, आणि मामीला सांगायची गरज पडत नाही, कारण ती तिथेच असते. निंदणी तिची, खत तिचं, वेचणी तिची. मामांनी घराच्या ओट्यावर 'जनरल एजन्सी' अशी पाटी लावली आहे. कसली एजन्सी, हे विचारायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही. दिवसभर ते त्या पाटीखाली खुर्ची टाकून बसतात.

आता हे सगळं वेड नुसतं वेड असतं तर मी कधीच सोडून दिलं असतं. पण त्याच्या मुळाशी माझा मामेभाऊ आहे. पाचोऱ्याला ठिबक सिंचनाच्या दुकानात काम करतो, सालस पोरगा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आणि तिशी उलटली तरी लग्न जमत नाही. पाहुणे येतात, पोहे खातात, पोरगा पसंत पडतो, आणि मग एकच प्रश्न येतो. मागच्या खेपेला धुळ्याकडचे लोक आले होते तेव्हा मीही बैठकीत होतो. मुलीच्या आईने चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "आमनी पोरले वावरमा जानं पडी का?"

"छे, छे!" मामा म्हणाले. "सिटीत वावरात कोण जातं? आमच्या मिसेससुद्धा घरीच असतात. काहीच करत नाहीत."

मामी तेव्हा पाण्याचे पेले घेऊन आली होती. पाहुण्यांसमोर काय बोलायचं आणि कसं वागायचं हे मामांनी तिला आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं. तिने पदर मनगटावरून पुढे बोटांपर्यंत ओढला होता आणि पदरातूनच पेला पुढे केला. वेचणीचे दिवस होते, बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडून निघालेली. मुलीच्या आईने पेला घेतला आणि क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. संध्याकाळी फोनवर नकार आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी मात्र यातून वेगळाच निष्कर्ष काढला. "लोक वाईट नसतात, भाऊ. सरकारदरबारी आपली नोंद खेडं म्हणून आहे ना, तिथे सगळं अडतं. एकदा शहर म्हणून नाव लागू दे, मग बघ पोरींची रांग."

आणि या आगीत तेल ओतलं ते मी. मी जळगावला शाळेत शिक्षक आहे. जनगणनेच्या कामाला माझं नाव लागलं. यंदा घरांची यादी झाली, आता माणसांची मोजणी व्हायची आहे. दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेलो असताना बोलण्याच्या ओघात मी शहाणपणा पाजळला. म्हटलं, नगरपालिका नसली तरी जनगणनेत एखादं गाव शहर धरलं जाऊ शकतं. वस्ती पाच हजारांवर हवी, घरं पुरेशी दाट हवीत, आणि कामाला असलेल्या पुरुषांपैकी चारातले तीन शेतीबाहेरचं काम करणारे हवेत.

मामा खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "मग नळ येतात?"

"नाही. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो."

"रस्त्यावर दिवे?"

"तेही त्यातून मिळत नाहीत. आणि या आकड्यांवरून ठरायला किती वर्षं जातील, देव जाणे."

"मग मिळतं काय?"

"नुसतं नाव."

"मला नावच पाहिजे होतं," मामा म्हणाले, आणि खोटं कशाला सांगू, त्यांचे डोळे भरून आले होते.

झालं! दुसऱ्या दिवसापासून मामा घरोघर फिरायला लागले. कोणीही शेती सांगायची नाही, असा त्यांचा हुकूम. एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले! प्रत्यक्ष मोजणीच्या दिवशी कोणाची जीभ घसरू नये म्हणून त्यांनी जनगणनेची चक्क रंगीत तालीम ठेवली. मारुतीच्या पटांगणात टेबल, टेबलावर फुलांचा कपडा, देवळाचा भोंगा, आणि खुर्चीवर मी. मी हात जोडले, हे असलं काही माझ्याकडून करून घेऊ नका म्हणालो, पण सख्ख्या मामाला नाही म्हणायची आपली रीत नाही. हातात कोरा कागद घेऊन मी बसलो. ओळखीचे चेहरे रांगेत उभे, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालेलं.

"काय काम करता?" मी विचारायचं. गुरं चारणारा म्हणाला, "ॲनिमल मॅनेजमेंट." बैलगाडीवाला म्हणाला, "ट्रान्सपोर्ट." दिवसभर टपरीवर बसणाऱ्याने प्रामाणिकपणे "काही नही" असं सांगितलं, तर मामा भोंग्यातून गरजले, "बिझनेस म्हण रे, बिझनेस!" प्रत्येक उत्तराला टाळ्या पडत होत्या. शेवटी काठी टेकत एक म्हातारे आबा पुढे आले. त्यांनी रांगेकडे पाहिलं, गावाबाहेरच्या पांढऱ्या पडलेल्या वावरांकडे पाहिलं, आणि विचारलं, "मंग हाऊ बठ्ठा कापूस कोन पिकाडस?"

"आबा, तो प्रश्न ह्यात येत नाही," मामा म्हणाले. "ह्यात फक्त पुरुषांचं काम धरतात. होय ना, भाऊ?"

मी मान हलवली. नियम तसाच आहे.

बाया नुकत्याच वेचणीहून परतल्या होत्या आणि देवळाच्या भिंतीशी उभ्या राहून गंमत बघत होत्या. त्यांच्यातली एक खणखणीत आवाजात म्हणाली, "मंग त हाई गाव कव्हयनंच शहर शे!" आणि या 'कधीपासूनच'वर सगळ्या बाया अशा हसल्या की पारावरची कबुतरं उडाली. रांगेतले पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. ट्रान्सपोर्टने पागोटं नीट केलं, बिझनेस रांग सोडून गुपचूप टपरीकडे गेला.

तालीम हातची जातेय हे बघून मामांनी भोंग्याचा माइक पुन्हा तोंडाशी धरला. "शांत! आता एक बायकांचं उदाहरण घेऊ." आणि त्यांनी मामीला पुढे बोलावलं.

मामी आली. कमरेला बांधलेली ओटी कापसाने फुगलेली, केसांत कचरा. टेबल, कागद आणि मोठ्याने बोलणारे मामा बघून तिला वाटलं असावं, हेही पाहुण्यांपैकीच काहीतरी आहे. माझ्याकडे, सख्ख्या भाच्याकडे बघत तिने पदर बोटांपर्यंत ओढून घेतला.

"मामी, तू काय काम करतेस?"

"मी?" ती म्हणाली. "मी काहीच नही करस, भाऊ. घरमाच ऱ्हास."

बोलताना हलली तशी ओटीतून कापसाचे दोनचार पुंजके टेबलावर, माझ्या कोऱ्या कागदावर पडले. या वेळी कोणी हसलं नाही. मी मामांकडे पाहिलं. शिकवलेलं वाक्य तिने अगदी बिनचूक म्हटलं होतं. मामा त्या कापसाकडे बघत होते, मग पदराकडे, पदराखालच्या हातांकडे. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी भोंगा बंद केला आणि फुलांच्या कपड्याची घडी घालायला लागले. घडी काही केल्या नीट बसेना.

"मनं काही चुकनं का?" मामीने मला हळूच विचारलं.

मी कागदावरचा कापूस गोळा करायला लागलो. जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. मामांची लाज मी आयुष्यभर बाळगली, पण ती बुटांची, पाटीची, भोंग्याची. ही तसली नव्हती. जेवायला मामा आले नाहीत, एजन्सीच्या पाटीखाली बसून राहिले.

सकाळी मी पिशवी घेऊन निघालो तर बायपासवर बायांचा घोळका दिसला आणि घोळक्याच्या मागे मामा. तेच पांढरे बूट, तोच टॉवेल, पण एका हातात भाकरीचं फडकं आणि दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. बाया वळून वळून "गुड मॉर्निंग, नाना!" म्हणत होत्या आणि मामा मान वर करत नव्हते. मला बघून थांबले.

"मॉर्निंग वॉक," ते म्हणाले.

"हो."

"भाऊ, एक विचारू? खऱ्या मोजणीत हिच्या नावापुढे शेती लिहिली, तर आपल्या शहराला काही धक्का लागेल?"

"नाही, मामा. बायकांचं त्यात धरतच नाहीत."

त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा पडला.

"काहीच फरक नही पडस?" शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती. "इतलं करीसन बी?"

मी मान हलवली. नियम मी काही केलेला नाही, पण त्या वेळी तो माझाच असल्यासारखं वाटलं.

"आईतवारले पाव्हना ई राहिनात," मामा म्हणाले. "तिले सांगनं शे, पानी देतांना हात झाकू नको." मग कॅन खाली ठेवून टॉवेलने तोंड पुसलं. "पन कसं सांगू? मीच शिकाडेल शे."

पुढे गेलेल्या मामीने वळून हाक मारली, "चाला आते, उशीर व्हई राहिना." मामांनी कॅन उचलला, आणि माझ्याकडे न बघता बायपास सोडून वावरात उतरले. काळ्या मातीत ते पांढरे बूट दोन पावलांत ओळखू येईनासे झाले.