अडीच महिने मागे

"वहिनी, चेहरा सांभाळा हं," असं म्हणून डॉक्टर आमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायचे, डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग मी वर्तमानपत्र उघडायचं. स्वतःची नाडी बघत मॅच ऐकणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तुमच्या पाहण्यात असेल तर मला जरूर कळवा.

डॉक्टर आमच्या लंडनजवळच्या वॉटफर्डच्या हॉस्पिटलात भूल द्यायचे आणि मी तिथल्याच लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करायची. पंच्याऐंशीच्या सुमारास आमची ओळख झाली. मूळचे मिरजेकडचे. पत्नी वारलेली, एकुलती एक मुलगी एडिनबराला शिकायला गेलेली, त्यामुळे शनिवारचा नाश्ता आमच्याकडे. पोहे त्यांना आवडायचे. पण खरं सांगायचं तर ते पोह्यांसाठी येत नसत, ते ऑस्ट्रेलियातल्या एका फुटबॉल क्लबासाठी येत.

हे फुटबॉल म्हणजे आपलं नव्हे आणि इंग्रजांचंही नव्हे. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, एकेका बाजूला अठरा माणसं आणि टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की सहा गुण, बाजूने गेला की एक. चार क्वार्टर खेळतात. आमचे हे पहिल्या दिवशी सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे चुकलं तरी एक गुण मिळतो? मग तुमचा क्लब हरतो कसा?" डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "तेच मी दहा वर्षं शोधतोय."

सत्तरच्या दशकात दोन वर्षं ते कुटुंब मागे ठेवून मेलबर्नच्या एका हॉस्पिटलात होते. एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहायचे. पहिल्या शनिवारी खोलीत एकटेच बसलेले पाहून त्या घरमालकीणबाईंनी त्यांना कोट घालायला लावला आणि गल्लीच्या टोकाच्या मैदानावर नेऊन कुंपणाशी उभं केलं. शेजारच्या एका अनोळखी माणसाने आपला खिमा भरलेला गरम पफ मोडून अर्धा त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, तू कोणाचा? डॉक्टरांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते म्हणाले, तुमचाच. हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज बदलायचा. "वहिनी, त्या अख्ख्या शहरात तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं हो, तू कोणाचा म्हणून."

तो क्लब जुना, गरीब वस्तीतला आणि बहुतेक वेळा हरणारा. डॉक्टर तिथून निघाले तेव्हा घरमालकीणबाईंनी शब्द दिला की त्या पेपर पाठवत राहतील. आणि त्या पाठवत राहिल्या. दर आठवड्याचे पेपर, खाकी कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून, जहाजाने. गठ्ठा इकडे पोचायला अडीच महिने लागत. म्हणजे तिकडे मार्चमध्ये सीझन सुरू झाला की डॉक्टरांचा जूनमध्ये सुरू व्हायचा, आणि आपण दिवाळीचा फराळ करत असू तेव्हा त्यांच्या क्लबाच्या शेवटच्या मॅच चाललेल्या असायच्या.

"फोन करून विचारा की," मी सुरुवातीला म्हणाले होते. "किंवा विमानाने मागवा."

"नको. आत्ता या क्षणी मॅच चालू आहे असं कळलं तर माझी ऑपरेशन थिएटरची लिस्ट कशी होईल? पेशंटकडे लक्ष नको द्यायला? होऊन गेलेल्या मॅचची काळजी परवडते."

परवडते कसली! अडीच महिन्यांपूर्वी निकाल लागलेल्या मॅचसाठी हा माणूस शुक्रवारी रात्री जेवत नसे. थिएटरमध्ये ऑस्ट्रेलियन नर्सेस पुष्कळ असत, म्हणून हात धुवायच्या जागेवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती की फुटबॉलचे निकाल येथे सांगू नयेत. त्या वर्षांत इथल्या टीव्हीवर त्या खेळाची झलक दाखवायचे. ते सुरू झालं की डॉक्टर बातमी कानावर पडू नये म्हणून खोलीबाहेर पडत. चुकून कोणी बोलायला लागलंच तर हाताचा पंजा वर करून म्हणत, "एक शब्द नको."

पेपरात मथळ्यातच निकाल असतो, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी लॅबमधली बाई. लोकांचे वाईट रिपोर्ट हातात धरून कॉरिडॉरमधून हसतमुखाने चालण्याची मला सवय. डॉक्टरांच्या मते अख्ख्या हॉस्पिटलात माझ्याइतका कोरा चेहरा कोणाचा नव्हता. मी आधी मनात सगळं वाचून घ्यायची आणि मग क्वार्टरप्रमाणे मोठ्याने सांगायची. तिसऱ्या क्वार्टरला चाळीस गुणांनी मागे असले तरी ते डोळे न उघडता म्हणत, "थांबा, अजून शेवटचा बाकी आहे." शेवटच्यात क्वचितच काही घडे. जिंकले तर उठून माझ्या मुलीला कडेवर घेत, ती दहा वर्षांची झाली तरी. हरले तर गार झालेला चहा पिऊन टाकत. इथेच जन्मलेली आमची कन्या दारात उभी राहून विचारायची, "काका, आज तुमचा टीम हरली?" ते म्हणायचे, "हरली नाही गं, जिंकायची राहिली."

मी स्वभावाने काळजीखोर. पण या माणसाची काळजी पाहून मला माझी काळजी आवरता यायची. अकरा वर्षं मी वाचलं, त्यांनी ऐकलं. त्यांची एकच इच्छा होती: रिटायर झाल्यावर एकदा जायचं आणि त्या कुंपणाशी उभं राहून आपल्या क्लबाची एक मॅच बघायची. ड्युट्या, मुलीच्या परीक्षा, पत्नीचं आजारपण, यात वीस वर्षं राहून गेलं होतं. डिसेंबरात नोकरी संपणार होती. मार्चचं तिकीट त्यांनी काढूनसुद्धा ठेवलं होतं. मागच्या काही वर्षांपासून पेपरात क्लबाबद्दल बरं छापून येत नसे, तो टिकतो की नाही असंच सगळं. तसं काही वाचलं की डॉक्टर म्हणत, "दर वर्षी म्हणतात हो. फक्त मार्चपर्यंत टिकू दे."

त्या जुलैत, एका मंगळवारी, कॅन्टीनच्या रांगेत माझ्यापुढे एक नवी ऑस्ट्रेलियन नर्स उभी होती. सहज बोलता बोलता मी क्लबाचं नाव घेतलं. ती म्हणाली, अगं, तो तर बंद होतोय. दुसऱ्या शहरातल्या एका क्लबात मिसळून टाकतायत. ऑगस्ट संपता संपता त्यांची घरच्या गावातली शेवटची मॅच, मग खलास.

त्या शनिवारी डॉक्टर आले, बसले, नाडीवर बोटं ठेवली. आम्ही तेव्हा एप्रिलच्या शेवटाला होतो. त्यांच्या हिशेबाने अख्खा सीझन पुढे पडलेला होता. मी वाचत होते आणि मनात आठवडे मोजत होते. सात आठवडे. विमानाला एक दिवस लागतो. आज सांगितलं तर हा माणूस जाऊन परत येईल.

नाही सांगितलं. पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं. पुढच्या शनिवारी ते जिंकले. वर्षातून एखाददा जिंकणाऱ्या माणसाला काय सांगणार? आमचे हे म्हणाले, "त्यांनीच सांगितलंय ना, एक शब्द नको म्हणून? तू कशाला जिवाला लावून घेतेस?" मलाही तेच ऐकायचं होतं.

ऑगस्ट लागला तेव्हा मात्र राहवेना. दोन क्वार्टरांच्या मधे त्यांच्या पोह्यांवर खोबरं घालता घालता मी म्हटलं, "डॉक्टर, मी काय म्हणते, याच महिन्यात जाऊन या ना. लीव्ह शिल्लक असेल तुमची."

"आत्ता? आत्ता कशी मिळेल लीव्ह? ड्युट्यांचा रोटा लागलाय. आणि मार्चचं तिकीट आहे की."

"तरी. मार्च कोणी पाहिलाय?"

त्यांनी डोळे उघडले. वाचन सुरू असताना ते कधीच डोळे उघडत नसत. माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काही कळलंय का?"

आता लक्षात घ्या, पंजा वर नव्हता. एक शब्द नको असं ते म्हणाले नव्हते. त्यांनी सरळ विचारलं होतं. पण मनगटावरची ती दोन बोटं पांढरी पडली होती, आणि मी भ्यायले. मी म्हटलं, "छे हो, मला काय कळणार." माझा तो सुप्रसिद्ध चेहरा मी त्यांना दाखवला. त्यांनी डोळे मिटले.

ऑगस्ट संपला. त्या शेवटच्या शनिवारी, मला माहीत होतं, तिकडे मॅच होऊन गेलेली होती. डॉक्टर माझ्यापुढे बसून जूनमधल्या एका मॅचच्या दुसऱ्या क्वार्टरची चिंता करत होते. मला पोहे गिळवेनात. ते म्हणाले, "तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, झोप झाली नाही. ते खोटं नव्हतं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जुलैचा पहिला गठ्ठा आला. सुतळी मी सोडली. पहिल्याच पेपरच्या पहिल्या पानावर ते होतं, मोठ्या अक्षरात, क्लबाचा मफलर घातलेल्या एका रडणाऱ्या म्हातारीच्या फोटोसकट. गठ्ठ्यात घरमालकीणबाईंची चिठ्ठी होती. लिहिलं होतं, शेवटच्या मॅचला ये, तुझी कुंपणाजवळची जागा मी धरून ठेवते. चिठ्ठी बिचारीने नेहमीसारखी गठ्ठ्यातच घातली होती. वीस वर्षांची सवय. ती निघालेली जहाजाने, आणि मॅच होऊन तीन आठवडे झालेले.

मी सगळं वाचलं, मथळ्यापासून चिठ्ठीपर्यंत. दुसरं काही सुचलंच नाही. डॉक्टरांनी नाडीवरची बोटं काढली.

"शेवटची मॅच होऊन गेली तर."

"हो."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"जुलैत."

त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला. मग उठले, कोट घातला, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "चेहरा खरंच चांगला आहे हो तुमचा, वहिनी." आवाज अजिबात चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मला वाटलं, आता हा माणूस काही आपल्या घरी पाऊल टाकायचा नाही. पुढच्या शनिवारी नऊ वाजता बेल वाजली. मॅच वाचायच्या राहिल्या होत्या ना. ते बसले, मी वाचलं. प्रत्येक शनिवारी आले. शेवटच्या क्वार्टरबद्दल काही बोलत नसत आणि मला चेहरा सांभाळायलाही सांगत नसत. नोव्हेंबरात शेवटची मॅच आली. फार वाईट हरले. मॅच संपल्यावरही लोक मैदानावरून हलेनात, असं छापलं होतं. मला पुढचं वाचवेना, तेव्हा त्यांनी पेपर माझ्या हातून घेतला आणि चष्मा लावून उरलेलं स्वतः वाचलं.

मार्चचं तिकीट त्यांनी रद्द केलं. नोकरी संपल्यावर एडिनबराला मुलीकडे राहायला गेले. नव्या वर्षाला कार्ड यायचं, कधी फोन यायचा. हवा, गुडघे, मुलीची बँकेतली नोकरी. त्या जुलैबद्दल ते बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. नियम त्यांचा होता, असं मी मनाला कितीदा समजावलं. पण त्यांनी विचारलं तेव्हा नियम कुठे होता? तेव्हा फक्त मी होते आणि माझं घाबरणं होतं.

तीन वर्षांनी एका सोमवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. त्यांची मुलगी होती. "काकू, बाबा हॉस्पिटलमध्ये आहे. हार्ट. कन्सल्टंट म्हणतात, टू-थ्री डेज. बाबांनी मला आधीच सांगितला होता, असं काही झालं तर काकूला लगेच फोन कर, सगळ्यांच्या आधी. वेट नाही करायची, बोलले."

मी लॅबला कळवलं, पर्स उचलली आणि स्टेशनवर गेले. गाडीत साडेपाच तास बसून होते. ओळखीचं स्टेशन येऊन गेलं की घड्याळ बघायची. हातात पुस्तक होतं, एक पान उलटलं नाही.

डॉक्टर बुधवारी गेले. मी सोमवारी दुपारी पोचले होते. ते उशांना टेकून बसले होते, खूप बारीक झाले होते. मला बघून म्हणाले, "वेळेवर आलात."

मी खुर्ची ओढून बसले. अडखळत म्हटलं, "डॉक्टर, त्या दिवशी मी खोटं बोलले. सांगायला हवं होतं मी."

मला वाटलं, म्हणतील, जाऊ द्या हो, वहिनी. सगळेच तसं म्हणतात.

"हो," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

आणि त्यांनी माझा हात हातात घेतला, तो मुलगी चहा घेऊन येईपर्यंत सोडला नाही.