वाटेपलीकडची ओळ

मंजुळा बाजारातून परतली तेव्हा तिच्या दारावर डांबराची फुली होती. डांबर अजून ओलं होतं. ओळीतल्या सगळ्या दारांवर तशाच फुल्या. वाटेच्या अलीकडे तिचा दीर बळवंत राहायचा. त्याचं दार मात्र कोरं होतं.

चौऱ्याऐंशी साल. अंधेरीच्या पश्चिमेला समुद्रालगतचा हा जुना कोळीवाडा. मंजुळाच्या नवऱ्याने, लहूने, जाळी ठेवायला वाटेपलीकडे खोपटं बांधलं आणि भावाभावांत वाटणी झाली तेव्हा तेच त्याचं घर झालं. पुढे लहू समुद्रात गेला तो आलाच नाही. मंजुळा तिथेच राहिली. वाट ओलांडली की गाव संपतं, असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं.

मोजणीची फीत गुंडाळत असलेला सरकारी साहेब म्हणाला, "वाटेपर्यंत गावठाण. पुढचं सगळं झोपडपट्टीत धरलंय."

"झोपडपट्टी? मी लगीन होऊन याच गावात आले!"

"तुमच्या पंचांनीच सांगितलं, मावशी. ही ओळ बाहेरून आलेल्यांची आहे म्हणून."

पंचांत बळवंत होता.

त्या दिवसापासून वाड्यात काहीतरी फिरलं. नळावर बायका तिला पाहून गप्प व्हायच्या. देवळात बैठक झाली, तिला निरोप नाही. बळवंतची बायको शेवंती समोरून येताना दिसली की गल्लीत वळायची.

शेवटी मंजुळाच त्याच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. "भावोजी, मी बाहेरची?"

बळवंत जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही. "वयनी, साहेब बोलला, ती ओळ गावातली म्हणालात तर अख्खा वाडा झोपडपट्टीत जाईल. मग काय करायचं? दोनशे घरं बघायची की बारा?"

"लहूचं घर बघायचं होतंस."

आतून शेवंतीने दार लोटून घेतलं.

होळीनंतर घरं पाडायला पालिकेची गाडी आली. मंजुळाने भांडी आणि बोंबील वाळवायचे बांबू आधीच वाटेवर आणून ठेवले होते. बळवंत म्हणाला, "आमच्या ओट्यावर ठेव." तिने ऐकलं नाही. भिंत पडली तेव्हा वाटेच्या अलीकडे सगळा वाडा बघत उभा होता.

तिला मालाडच्या पलीकडे, चिखलात आखलेली जागा मिळाली. तरी पहाटेची बस धरून ती मासळी घ्यायला बंदरावर येतच राहिली.

दिवाळीच्या सुमारास तिला दिसलं, मोडलेल्या घरांच्या जागी तारेचं कुंपण आलंय. अगदी बळवंतच्या भिंतीला चिकटून. आत दोन अनोळखी माणसं हातात मोजणीची फीत घेऊन बळवंतच्या ओट्याकडे बोट दाखवून काही बोलत होती.

बळवंत धावत आला. "वयनी, कोण हायेत गं हे? तुझ्याच जागेत आलेत, तुला कायतरी ठाऊक असंल ना?"

मंजुळाने त्याच्याकडे नीट पाहिलं. सात-आठ महिन्यांत तो म्हातारा झाला होता.

"नाय, भावोजी," ती म्हणाली. तिने टोपलं डोक्यावर घेतलं आणि बसच्या रांगेकडे चालू लागली.