बंदूक आहे का हो घरात?

सरकारी पाहणीसाठी परभणी जिल्ह्यात जाऊन घरोघर “तुमच्याकडे बंदूक आहे का?” असं विचारायचं, हे काम ज्यांनी मला दिलं त्या साहेबांनी उभ्या जन्मात अनोळखी माणसाला किती वाजले हेसुद्धा विचारलं नसावं. पण विश्वास दांडगा! “प्रश्न सरळ विचारा, उत्तर सरळ येतं,” असं म्हणून त्यांनी मला पुण्याहून रवाना केलं. मनमाडला गाडी बदलून, इंजिनाचा कोळसा खात मी सेलूला उतरलो, तेव्हा माझा अवतार बघून लोकांनी मलाच विचारलं असतं, बंदूक कुठे लपवलीस म्हणून.

सेलू कापसाचं गाव. रस्त्यावर कापूस, गटारात कापूस, हॉटेलातल्या चहातही कापूस. तिथेच मला पहिला माणूस सापडला, पांढऱ्याफेक धोतरातला एक अडत्या. प्रश्न ऐकताच गडी खुलला.

“हाय की! दोन लिवा. न्हाई, तीनच लिवा. अन् जरा मोठ्यानं बोला की राव!”

मी हरखलो. शेठ गेल्यावर हॉटेलवाला पोट धरधरून हसायला लागला. “कशाची बंदूक, सायेब! उंदीर दिसला तर शेठ खुर्चीवर चढत्यात. चोराच्या कानावर जावं म्हनून बोलायलेत ते.”

झालं! पहिल्याच उत्तराचे तीनतेरा वाजले. चरफडत मी चारठाण्याची एसटी पकडली.

चारठाण्याची जुनी देवळं बघावीत अशी, पण मला कोण बघू देतो! मी ज्या गल्लीत शिरायचो तिथे माझ्याआधी बातमी पोचलेली असायची. दारं उघडायची, पाणी मिळायचं, गूळ मिळायचा आणि वर “न्हाई बा” मिळायचं. “बंदूक? रझाकाराच्या टायमाला व्हती म्हनत्यात. आता कुटली?” निजाम जाऊन पाव शतक होत आलं तरी दारावर पाहुणा आला की हे लोक आधी जप्तीवाला आहे का ते चाचपून बघत होते. बरोबरच होतं त्यांचं. माझ्या पिशवीकडे बघून मलासुद्धा माझा संशय यायला लागला.

दुपारी गावाबाहेर कौसाबाई नावाच्या धनगरणीच्या वाड्यावर (मेंढरांच्या कुंपणावर) पोचलो. नवरा मेंढरू विकायला बाजारात गेलेला. बाईंनी धपाटं (ज्वारीच्या पिठाची तिखट थापलेली भाकर) आणि दही पुढ्यात ठेवलं. मी प्रश्न विचारला. बाईंनी थेट माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, “न्हाई. देवाची आन.”

इतकं स्वच्छ उत्तर! मी खूश होऊन दुसरं धपाटं उचललं, तोच मेंढरांचा एकच कालवा उठला. भर उन्हात लांडगा कुंपणाशी आला होता. कौसाबाई झोपडीत घुसल्या, काहीतरी लांबलचक घेऊन बाहेर आल्या आणि दाणकन बार झाला. लांडगा पळाला. दह्याचं वाडगं माझ्या मांडीवर पालथं झालं.

धूर निवळल्यावर मी ओरडलो, “मावशी! देवाची आण घेतलीत ना?”

“मग? खोटं बोलले व्हय?”

“ही काय आहे मग?”

“ही भरमार (ठासणीची बंदूक) हाय. बंदूक पोलिसाकडं असती, सायेब.”

बाई लबाडी करत नव्हत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या चारठाण्यात बंदूक नव्हती आणि भरमारींची भरमार होती!

मग बाईंचा आवाज उतरला. “लिवणार का तुमी? लिवा. पर ही न्हेली तर कोकरं कोन राखनार, तेबी लिवा. मेंढरं गेली तर आमी काय खावं?”

वाईट वाटलं, अगदी मनापासून. परतीच्या गाडीत दह्याचा वास येणारं धोतर सांभाळत एकच घोर लागला होता. साहेबांना सांगितलं तर कागद वर जाणार, वरून पोलिसठाण्यात येणार आणि कौसाबाईंची झोपडी रिकामी होणार.

पुण्याला साहेबांनी घरीच बोलावलं. आरामखुर्चीत रेलून म्हणाले, “हं, बोला. चारठाण्यात बंदुका किती?”

“सांगतो. पण साहेब, प्रश्न एकदा इथेच तपासून बघू या का? तुमच्या घरी बंदूक आहे?”

“छे! आमच्याकडे कशाला असेल?”

त्यांच्या डोक्यावर, भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर, तेल लावून चकचकीत ठेवलेली दुनळी आडवी होती. मी नुसतं बोट दाखवलं. साहेबांनी मान वळवून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ही? अहो, ही बंदूक थोडीच आहे! ही आमच्या वडिलांची आठवण.”

“तर मग साहेब,” मी म्हणालो, “चारठाण्यातही एकसुद्धा बंदूक नाही.”