इंजिनाला पावडर

धायरीतल्या आमच्या गॅरेजात मी पंधरा वर्षं सर्व्हिसिंग केलं. इंजिन बांधायचं ते दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं. कोथरूडच्या एका निवृत्त मास्तरांची जुनी गाडी आली तेव्हा त्याचा खांदा दुखावलेला होता, म्हणून ते काम माझ्या वाट्याला आलं. सगळं इंजिन खोलून, रिंगा-बेअरिंगं बदलून मी ते एकटीनं बांधलं. काय गोड चालत होतं म्हणून सांगू!

आठवड्यानं मास्तर गाडी घेऊन परत हजर.

"बाई, इंजिन उत्तम," ते म्हणाले. "फक्त आमच्या पार्किंगमध्ये भजी तळण्याइतकं तेल साठलंय. पीठ तेवढं तुम्ही पाठवा."

दादा गाडीखाली सरकला. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून थेंब टपकत होता. "मागचं सील," तो आतूनच ओरडला. "तिरकं बसवलंस तू. गिअरबॉक्स उतरवावा लागणार." आणि बाहेर येऊन, मास्तरांच्या देखत, "यापुढे इंजिनं मीच करीन. तू आपलं सर्व्हिसिंग बघ."

अस्सा संताप आला! ते सील मी स्वतः हलक्या हातानं ठोकून, चारी बाजूंनी बोट फिरवून बसवलं होतं. पण हे सिद्ध कसं करणार? गिअरबॉक्स उतरवून सील बदललं की चूक माझी ठरलीच, आणि मग जन्मात कुणी मला इंजिनाला हात लावू दिला नसता. "उद्या दुपारपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही," मी ठणकावलं. मास्तर म्हणाले, "उद्या दुपारी मी येतो. बघायलाच."

सकाळी इंजिन डिझेलनं धुतलं, हवा मारून कोरडं केलं आणि घरून आणलेला टाल्कम पावडरचा अख्खा डबा त्यावर उधळला. कोरड्या पावडरवर तेल आलं की त्याची वाट दिसते.

"बारसं आहे काय इंजिनाचं?" दादानं विचारलं.

"असू दे. घुगऱ्या मिळतील तुला."

इंजिन चालू केलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. खालचा सांधा पांढराशुभ्र. मग पर्समधला आरसा काढला आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे डोकंच जात नाही तिथे, धरला. वरच्या टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या झाकणाच्या, कडेपासून एक काळी रेघ निघाली होती आणि ती पाठीवरून हळूहळू खाली, सांध्याकडे चालली होती. तेल वरून येत होतं! सीलचा काही संबंधच नव्हता! मी एवढ्यांदा ओरडले की दादा खांदा विसरून धावत आला.

इंजिन थंड झाल्यावर कव्हर काढलं तोवर मास्तर येऊन उभे राहिले होते. गॅस्केटच्या मागच्या कडेला सीलंटमध्ये तांदळाचा एक दाणा रुतला होता. कुंकवाचा लालसर रंग अजून होता त्याला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कव्हर लावण्याच्या दिवशी मास्तरांच्या पत्नी हौसेनं आल्या होत्या, आणि इंजिन झाकण्याआधी त्यांनी हळदकुंकू वाहून वर मूठभर अक्षता टाकल्या होत्या. मी फडक्यानं सगळ्या झटकल्या असं समजत होते. मागच्या कडेला बोट फिरवलं नाही, ही चूक माझीच, आणि ती मी तिथल्या तिथे कबूल केली.

मास्तरांनी दाणा तळहातावर घेऊन चष्म्यातून निरखला. "म्हणजे गळती घरचीच," ते म्हणाले. "हिला मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका."

नवं गॅस्केट घातलं, पुन्हा पावडर मारली आणि मास्तरांना शेजारी बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. परत येऊन बॉनेट उघडलं तर मागून पुढून सगळं कोरडं ठणठणीत. मास्तरांनी मला वाकून नमस्कार केला. थट्टेनं केला असेल, पण केला.

दादा पाठ फिरवून दुसऱ्या गाडीखाली सरकला. मला वाटलं, गेला रुसून. चार दिवसांनी धूर ओकणारी एक टेम्पो ट्रॅव्हलर आली. मालकानं दादाला विचारलं, "इंजिन करायचंय. कधी घेता?"

दादानं हात पुसले. खांदा आता बरा होता त्याचा. माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "माझ्या बहिणीला विचारा. इंजिनं ती बांधते."

मी तशीच आत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. गिऱ्हाइकासमोर रडायचं म्हणजे काय!