शक्की साडू आणि बेरियमचा तारा

आमच्या साडूंनी आजवर कुठल्याच गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही. यात मी तर आलोच, सूर्यही आला. सकाळी अंगणात चहा पिताना ते डोळे बारीक करून त्याच्याकडे असे बघतात, की काल मावळला तोच हा आला की मधल्या मध्ये कुणी बदलून पाठवला, अशी त्यांना शंका असावी. वयोमानानं माणसाला मधुमेह होतो, मोतीबिंदू होतो. यांचा संशय जन्मजात, आणि त्यावर कुणी इलाज करायच्या ऐवजी एका वेधशाळेनं त्यांना त्याच गुणावर आयुष्यभराची नोकरी दिली.

साडू मूळचे संग्रामपूरचे. शिकून दक्षिणेतल्या त्या वेधशाळेत गेले, निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन परत सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या घरी आले. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ताई. माझं मलकापूरला रंगाचं दुकान आहे. त्यामुळे रंग या विषयात आम्ही दोघं एकाच धंद्यातले, असं मी एकदा गमतीनं म्हणालो होतो. "तुम्ही रंग फासता, मी फोडतो," असं म्हणून त्यांनी मला तिथंच वेगळं काढलं.

ते नेमकं काय करत, हे मला समजायला बरीच वर्षं लागली. आकाशात ताऱ्यांचे गुच्छ असतात. एका गुच्छातले तारे एकाच ढगातून जन्मलेले, म्हणजे सख्खी भावंडं, म्हणून सगळ्यांच्या अंगात लोखंड, कॅल्शियम वगैरे सारख्याच प्रमाणात असायला हवं. पण एखादा तारा निघतो, दिसायला हुबेहूब भावासारखा आणि आत भलताच माल भरलेला. तो हुडकायचा. त्यासाठी ताऱ्याचा उजेड यंत्रातून तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरायचा. याला वर्णपट म्हणतात. त्यात बारीक काळ्या रेषा असतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा ठरलेली असते. मग त्याच गुच्छातला, तेवढाच तापलेला आणि तेवढाच तेजस्वी दुसरा तारा घ्यायचा आणि दोघांचे वर्णपट एकावर एक ठेवायचे. जिथं एकाची रेषा जास्त गडद, तिथं साडूंची भुवई वर. "एकाच गंजातलं वरण हाय," ते सांगतात, "अन् एकाच वाटीत मीठ जास्त लागते. मंग कोणं टाकलं, हे पाह्याचं का नाई?" अजूनही तिथली तरुण मंडळी त्यांना इंटरनेटवरून वर्णपट पाठवतात आणि लाइट असेल तोवर दिवसभर साडू संग्रामपुरात बसून ताऱ्यांची झडती घेतात.

आता ही पद्धत ताऱ्यांपुरती ठेवली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय त्यांचं पानच हलत नाही. माझं लग्न ठरताना मुलीकडचे थोरले जावई म्हणून ते मला बघायला आले, तेव्हा त्यांनी मला आणि माझ्या भावाला भिंतीला टेकून उभं केलं आणि बराच वेळ आळीपाळीनं न्याहाळून विचारलं, "दोघं एकाच घरचे ना? मंग याच्याच कपाळावर आठी काऊन?" ती आठी त्यांच्यामुळेच पडली होती, पण होणाऱ्या नवऱ्यानं असं बोलायचं नसतं. आठवडी बाजारात ते एका ढिगातली दोन सारखी वांगी उचलतात, दोन हातांत तोलतात, उन्हात धरतात, देठ मोजूनमापून बघतात. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "साहेब, वांगं घेता का पोरगी पाहून राह्यले?" साडूंनी शांतपणे दोन्ही वांगी खाली ठेवली आणि तिसरं उचललं.

माझ्या दुकानात आले की खिशातून एक खोकं काढत. पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक चीर, आत उजेड पसरायला सीडीचा तुकडा, असं त्यांचं घरगुती वर्णपटाचं यंत्र. एकदा त्यातून त्यांनी माझ्या ट्यूबलाइटकडे बघितलं आणि भर गिऱ्हाइकांत जाहीर केलं, "याच्यात पारा हाय."

"ट्यूबमध्ये असतोच की पारा," मी म्हणालो.

"तुम्हाले कोणं सांगितलं?"

"कंपनीनं."

"पाहा," ते गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "हे कंपनीवर विश्वास ठेवतात, अन् तुम्ही यायच्यावर." ते गिऱ्हाईक पिवळ्या ऑइलपेंटचा डबा तसाच ठेवून गेलं ते आजतागायत आलेलं नाही.

डोणगावच्या लग्नातली गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगितली जाते. गुच्छाच्या दिशेला दिसणारा प्रत्येक तारा गुच्छातला नसतो. एखादा नुसताच त्या रेषेत, कुठंतरी लांब मागं उभा असतो. तो ओळखायची खूण अशी, की गुच्छातले सगळे एका दिशेनं, एका चालीनं सरकत असतात आणि हा आपला भलतीकडेच जात असतो. डोणगावला साडूंनी हीच कसोटी वरातीला लावली. सफारी घातलेले एक गृहस्थ वरात पुढं जात असताना सारखे मागं जाताना दिसले. "हा आपल्यातला नोहे," साडू माझ्या कानात म्हणाले, "जेवाले आलेला हाय," आणि मी अडवायच्या आत त्यांनी त्या गृहस्थाला गाठून उलटतपासणी सुरू केली. ते निघाले नवरीचे मामा. बॅन्डवाल्याचं जनरेटर मागं बंद पडलं होतं म्हणून बिचारे हेलपाटे घालत होते. मामा जे रुसले, ते नवरीला मांडवात घेऊन यायलाच तयार होईनात. मुहूर्त टळायची वेळ आली. शेवटी ताई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, आमचे हे ताऱ्यायवरही असाच शक घेतात. ते कुठी रुसले?" मामांना हसू फुटलं आणि लग्न लागलं.

ताई ही अशी. साडूंच्या घरात जेवढा संशय तेवढाच तिचा भरवसा. ती भाजीवालीला "दे बापा तुले वाटते ते" म्हणून पिशवी पुढं करायची आणि तोंडानं दुसरीशीच बोलत राहायची. किडकं निघालं तर तेवढं कापून टाकायची. आमच्या भागात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस खातात. ज्यांना माहेर उरलेलं नाही अशा गल्लीतल्या पाच-सहा बायकांना ताई त्या दिवशी आपल्या घरी बोलवायची, जेवू घालायची आणि मनियारभाभीकडून आणलेल्या हिरव्या बांगड्या त्यांच्या हातांत भरायची. साडू पडवीत बसून त्यांचीही छाननी करत. "यातल्या दोघीले माहेर हाय," एकदा त्यांनी ताईला सुनावलं, "मी चौकशी केली." ताई पोळी लाटता लाटता म्हणाली, "असन. बोलावत नसतीन तिथी." त्या पंगतीत माझी बायको, नलू, दरवर्षी असायची. या बहिणींचे आईवडील लवकर गेले, त्यामुळे नलूचं माहेर म्हणजे ताईचं घर, दुसरं नाहीच.

मागच्या वर्षी ताई गेली. दुखणं ध्यानात येईपर्यंत सगळं संपलं होतं. साडू रडले नाहीत, निदान आमच्यासमोर नाहीत. काही महिन्यांनी मलकापूरला काही कामासाठी आले तेव्हा दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी मला एका ताऱ्याची हकिगत सांगितली. कितीतरी वर्षांपासूनचा त्यांचा संशयित. अंगात बेरियम मनस्वी, भावंडांत कुणाच्याच नाही. साडूंनी आधी यंत्रावर संशय घेतला, मग तो तारा गुच्छातलाच आहे का यावर, मग स्वतःच्या डोळ्यांवर. आणि आता उलगडा झाला होता.

"त्यानं चोरलं नाई," साडू म्हणाले. "त्याचं वयच नाई बेरियम बनवाचं. त्याले जोडीदार होता, त्याच्याहून मोठा. त्यानं ते बनवलं, अन् विझता विझता याच्या अंगावर टाकून गेला. आता तो दिसत नाई. निखाऱ्यावानी कुठीतरी पडला असन."

"दिसत नाही, मग होता कशावरून?"

"हा अजून डोलते ना. त्याच्या ओढीनं."

मी त्यांना चहा मागवला. ते उगाच पेल्यातला चहा उजेडात धरून बघत राहिले.

ताई गेली त्याच्यानंतरच्या आखाजीला संग्रामपूरहून बोलावणं आलं नाही. वर्ष दुखवट्याचं, नलूनं समजून घेतलं. पण यंदा आखाजी जवळ आली तशा एकेक बातम्या यायला लागल्या. दुकानात आलेलं संग्रामपूरचं एक गिऱ्हाईक सांगू लागलं, की तुमचे साडू परवा वांगी न बघता घेऊन गेले. मी म्हणालो, दुसरं कुणी असेल. मग कळलं की त्यांनी घराला पिस्त्याचा रंग दिला. ताई जन्मभर मागत होती आणि ते "पाह्यतो" म्हणत होते, तोच रंग. तोही माझ्याकडून नव्हे, शेगावहून आणला. सख्ख्या साडूचं रंगाचं दुकान असताना माणूस परगावहून रंग आणतो तो काही लपवायचं असल्याशिवाय नाही, हे मी रंगवाला म्हणून छातीठोक सांगतो. आणि शेवटची बातमी अशी, की साडूंना मनियारभाभीच्या दुकानातून बांगड्यांची खोकी घेऊन उतरताना चारचौघांनी पाहिलं.

नलू त्या दिवशी जेवली नाही. "भाऊजींनं कोणी पाह्यली असन," ती म्हणाली. मी म्हटलं, या वयात? "रंग दिला, बांगड्या घेतल्या, अजून काय पत्रिका छापतीन? त्या घरात दुसरी आली की माह्यं तिथी काय राह्यते, सांगा." तिला साडूंच्या लग्नाचं दुःख नव्हतं. तिचं एकुलतं एक दार बंद होत होतं, आणि ते मलाही दिसत होतं. मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला आणि तिनं मला चांगलंच फैलावर घेतलं.

आखाजीच्या दिवशी सकाळीच ती तयार होऊन उभी राहिली. बोलावणं नसताना निघालो. साडूंच्या अंगणात पाय ठेवला तर लिंबाला झोका, झोक्यावर बायका, आणि घरातून वेलदोड्याचा वास. नलू फाटकातच थांबली. "यातली कोणती?" तिनं हळूच विचारलं. मग आम्ही दोघांनी साडूंच्याच पद्धतीनं त्या बायकांना एकीशेजारी एक ठेवून बघायला सुरुवात केली. सगळ्यांच्या हातांत सारख्याच हिरव्या बांगड्या. एकीची साडी जरा भारी होती, तिच्यावर आमचा संशय पक्का होत आला, तेवढ्यात ती वळली. आजीच होती, तोंडात दात नव्हते.

साडू स्वयंपाकघरातून बाहेर आले. सदऱ्यावर पुरण, हातात डाव. आम्हाला बघून चोरी पकडल्यासारखे जागच्या जागी उभे राहिले.

"हे काय चाललं भाऊजी?" नलूनं विचारलं.

"मागल्या आखाजीले मी कोणालेच बोलावलं नाई," ते डावाकडे बघत म्हणाले. "तरी ह्या आल्या. माह्यासाठी डबे घेऊन. मले वाटलं ह्यायचं माह्याकडे काही काम असन. लय शोधलं. नाई सापडलं. मंग म्हटलं, यंदा आपण करून पाहू."

"अन् मले काऊन नाई बोलावलं?"

साडूंनी डावाला चिकटलेलं पुरण बोटानं निपटलं. झोक्यावरच्या बायकांनी पाय टेकून झोका थांबवला.

"तू ताईच्या घरी येत होती. आता हे नुसतं माह्यं घर राह्यलं. तू येशीन का नाई, मले शक होता."

"मंग विचारून पाह्याचं ना!"

"विचारलं अन् तू नाई म्हटलं असतं तर?"

साऱ्या जगाची परीक्षा घेणारा हा माणूस एवढी एक परीक्षा घ्यायला भ्याला होता. नलूच्या डोळ्यांना धार लागली, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. साडूंनी देवळीतून कागदात गुंडाळलेली एक पुडी काढून तिच्यापुढं धरली. "तुह्यासाठी घेऊन ठेवल्या होत्या. माप ताईचंच सांगितलं. सख्ख्या बहिणी ना तुम्ही." दात नसलेल्या आजीनं नलूला पाटावर बसवलं आणि बांगड्या भरल्या. एकही न अडकता हातात गेल्या.

मला राहवलं नाही. "साडूभाऊ, उन्हात धरून बघितल्या ना नीट?"

"नाई."

"तुम्ही? न बघता घेतल्या?"

"तिनं कधी पाह्यल्या होत्या?" ते म्हणाले आणि रस वाढायला आत गेले.

मला दुकानातल्या स्टुलावर ऐकलेला तो तारा आठवला. पंगतीत ते मला आग्रह करत होते, वाढताना ताईसारखेच एका बाजूला किंचित झुकत होते, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. रसात चिमूटभर सुंठ होती. ताई टाकायची तेव्हा हेच गृहस्थ नाक मुरडायचे.

निघताना त्यांनी नलूच्या पिशवीत कुरडया भरल्या, फाटकापर्यंत आले आणि ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून हात आडवा धरून उभे राहिले.

"पुढच्या आखाजीले येजो," ते म्हणाले. "मी आठ दिवस आधी फोन करीन."

"मी येईनच भाऊजी, फोन कायले?"

"तू येशीन," साडू माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "पण आणणारा हा हाय. याच्यावर माहा भरोसा नाई."