रांगेतली तिसरी खुर्ची

मी जळगावला कॉलेजात गणित शिकवतो. माझी मोठी बहीण, अक्का, करोनाची लस घ्यायला गेली तेव्हा चक्कर येऊन पडली, एवढंच घरच्यांना माहीत आहे. बाकीचं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

अक्का पारोळ्याजवळच्या खेड्यात राहते. दुसऱ्या डोससाठी मी तिला मोटरसायकलवर धुळ्याला नेलं. एका मंगल कार्यालयात लस देत होते. दोघांच्या मधे एक खुर्ची रिकामी हवी, हा नियम. ती आत गेली आणि मी बाहेर सहा खुर्च्यांच्या रांगेत दुसऱ्या खुर्चीवर बसलो. पाचवीवर एक आबा पेंगत होते. बाकीच्या रांगांत जागा नव्हती.

बसल्या बसल्या लक्षात आलं, आमचीही रांग भरलेलीच आहे. चार खुर्च्या रिकाम्या, पण कुठेही बसलं तरी कोणाच्या तरी शेजारी. मग रांग अशी भरण्याचे प्रकार मी अक्काच्या टोकनच्या कागदामागे लिहून मोजू लागलो. तीन खुर्च्यांचे दोन, चारांचे तीन, पाचांचे चार, सहांचे पाच, सातांचे सात. पुढची संख्या हवी तर लगतची सोडायची आणि तिच्या मागच्या दोन मिळवायच्या. मला आनंद झाला. वर्षानुवर्षं तेच ते शिकवून असं काही होईनासं झालं होतं.

अक्का दंड चोळत बाहेर आली. अर्धा तास थांबायचं होतं.

"बस ना," मी मान वर न करता म्हणालो.

"कोठे बसू? तुन्हा मांडीवर?"

"थांब, एवढं होऊ दे."

"व्हऊ दे, सर. उभं ऱ्हावाले माले काय व्हस?" ती हसली आणि खांबाला टेकली.

सहा खुर्च्यांच्या पाच प्रकारांपैकी चारांत तीन माणसं बसतात. दोनच बसतात असा प्रकार एकच, नेमका आमचा. मी एक खुर्ची डावीकडे सरकलो असतो तर तिसरी तिला मिळाली असती. हे मला दिसलं होतं, मी लिहिलंही होतं. तरी मी आठ खुर्च्यांकडे वळलो. नऊ येतात का ते पाहायचं होतं.

नऊ आले. तेवढ्यात नर्स ओरडली. अक्का फरशीवर कुशीवर पडली होती.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण शेतात जाणं सुटलं ते सुटलंच. आता ती घरातल्या घरात वॉकर धरून चालते.

गेल्या महिन्यात तिच्या ओट्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं, खुर्च्यांच्या आकड्यांसकट.

"पाच तऱ्हा तुले दिखन्यात," शेवटी ती म्हणाली, "आनि मी नही दिखनू?"

रागानं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. तिला खरंच विचारायचं होतं.

मग तीच म्हणाली, "आते चहा तूच ठेव. मन्हा पाय दुखतस."

मी आत गेलो. इतकी वर्षं त्या घरी येतोय, पण साखरेचा डबा कुठे असतो ते मला तिला विचारावं लागलं.