पिराजीचे कान आणि हलगीचं कडं

आमचा पिराजी हलगीवाला. गडमुडशिंगीत त्यानं काठी टेकवली की शेजारच्या उचगावची माणसं म्हणायची, "मैदान सुरू झालं!" स्वतःच्या लग्नात घोड्यावरनं उतरून हलगी वाजवली पठ्ठ्यानं. सासरा बघतच राहिला!

पण दोन वर्षं ऐकू येणं कमी होत होत यंदा त्याचे कान पार गेले. कानाशी ओरडलं तरच थोडंफार कळायचं. हे फक्त मला आणि त्याच्या नातीला, अनुजाला ठाऊक. आमच्या हलगीच्या ताफ्याचा म्होरक्या कृष्णात. त्याला कळलं तर कुस्तीच्या मैदानात उभं करणार नाही, ही पिराजीला धास्ती. हलगी जाळावर शेकून कातडं ताणायचं, तेही आवाजावरनं पारखत, हे कामसुद्धा तो निमित्त काढून दुसऱ्यावर ढकलायचा.

अनुजा अकरावी सायन्सला. एक दिवस तिनं खुंटीला बांधलेल्या दोरीला झटका दिला आणि त्याच्या कानाशी ओरडली, "आज्या, दोरी वरखाली, लाट पुढं. हे अवतरंग. आवाज तसा न्हाय. हवा दबत-सुटत लाटेच्याच दिशेनं हलती. ते अनुतरंग. त्याला माध्यम लागतं, पर हवाच पायजे असं न्हाय. लोखंड चालतंय, हाडबी चालतंय!"

मी सातवी शिकलेला, मला निम्मं कळलं. पिराजी शाळेत गेलाच नव्हता, त्याला सगळं कळलं! हलगीचं लोखंडी कडं दातात धरून त्यानं काठी मारली.

"आलं की गं! डोक्यात आलं!"

यात्रेत कुस्त्यांआधी म्हणाला, "आज मीच शेकणार." जाळावर हलगी धरली, आवाज पारखायला कडं दातात घेतलं. घरी कडं गार होतं, इथं तापलेलं! ओठ भाजला. मग अंदाजानंच शेकत राहिला आणि कातडं फाटकन गेलं.

कृष्णातनं मागनं दोनदा हाक मारली. पिराजी वळला नाही. कृष्णातनं खांदा धरून फिरवला, भाजलेला ओठ बघितला आणि कानाशी ओरडला, "ऐकू येत न्हाय व्हय रं तुला?"

"न्हाय."

"मग इतके दिवस ताल कसा धरलास?"

"तुझ्या मनगटाकडं बघून. उजेडाला हवा लागत न्हाय, लोखंडबी लागत न्हाय. तेबी पोरीनंच सांगितलं."

कृष्णातनं दुसरी हलगी पिराजीच्या हातात दिली आणि आपली हलगी घेऊन समोर उभा राहिला. एक बोट दाखवून खूण केली, आजच्या एका दिवसापुरतं.

पैलवानांची जोड लागली, माती उडाली, लोकांनी फेटे उडवले. पिराजीची नजर मनगटावरनं हलली नाही. कुस्ती कुणी मारली ते त्यानं बघितलंच नाही, आणि मला विचारलंही नाही.